दुसरा खड्डा

मनकर्णाबाईनं पाणी पिणं जवळपास सोडून दिलं होतं. गोळी गिळायला लागेल तेवढा घोट घ्यायची, बस्स. सुनेनं, शीलानं, सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच्या तसा उचलला जायचा.

"मामी, डाक्टरनं काय सांगितलं? पानी प्या म्हनला ना?" सून विचारायची.

"तहानच लागंना बई," म्हणून मनकर्णाबाई भिंतीकडं तोंड फिरवायची. ओठ तडकलेले, जीभ टाळूला चिकटलेली, आणि म्हणे तहान लागंना!

खरं काय ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. संडासाचं भांडं तुंबलं होतं. वरून पाणी ओतलं की खाली जायचं सोडून तेच वर यायचं. आणि ही बाई खुब्यात सळई घालून खाटेवर पडलेली. बाहेर जाता येईना, आत जाता येईना. मग शीलानं एक वाट काढली. मधोमध भोक पाडलेली खुर्ची आणि तिच्याखाली राख पसरलेलं घमेलं. सासूचं उरकलं की ती घमेल्यावर आणखी राख टाकायची, पदर नाकाला लावायची आणि बांधापलीकडं जाऊन पुरून यायची. कधी बोलली नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याचंच मनकर्णाबाईला जास्त लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सून घमेलं घेऊन ओट्यावरनं उतरायची तेव्हा म्हातारी डोळे गच्च मिटून घ्यायची आणि ठरवायची, उद्या आणखी कमी प्यायचं.

संडास नव्हता म्हणून ही वेळ आली असं म्हणावं, तर तसंही नाही. राणीसावरगावच्या माळाकडच्या त्या वस्तीत तिच्या नवऱ्याचा, मल्हारीचा, संडास पहिल्या चार-दोनांतला. लेकाच्या, बबलूच्या, सोयरिकीत पोरीकडच्यांनी अट घातली, म्हणून सरकारी योजनेतून बांधलेला. भिंती विटांच्या, दार पत्र्याचं, मागं दोन गोल खड्डे आणि त्या दोहोंच्या मध्ये एक चौकोनी चेंबर. पण मल्हारीच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच किडा शिरला. खड्डा भरंल! भरला की काय करायचं? म्हणून त्यानं कायदा केला. सुनेनं जायचं, पाव्हण्यांनी जायचं. गड्यांनी माळ धरायचा. मनकर्णाबाईनं आजारी असली किंवा अंधारून पाऊस आला तरच. आणि तो स्वतः तर त्या दाराच्या आत पाय टाकायला तयार नव्हता. मेंढरांमागं रानोमाळ हिंडणारा माणूस, त्याला चार भिंतींत बसवंना.

मनकर्णाबाईनं कायदा पाळला. नवऱ्याच्या धाकानं नव्हे, तिलाही ते पटलंच होतं. मोलाची वस्तू जपूनच वापरायची असते, मग ती पैठणी असो की संडास. याच कायद्यापायी ती श्रावणात पहाटेची टमरेल घेऊन पांदीनं निघाली, शेवाळावरून पाय सटकला आणि परभणीच्या दवाखान्यात जाऊन पडली. घरी परत आली तेव्हा मल्हारी मान खाली घालून म्हणाला, "आता तू आतच जात जा." जणू दानच केलं! आणि पंधरा दिवस होतात न होतात तोच भांडं तुंबलं.

दसरा तोंडावर आला होता. दसरा झाला की बबलू आणि शीला ऊसतोडीला जाणार. टोळी ठरलेली, गाडी ठरलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस मागं राहिलं तर कोयता मोडला. मग घमेलं कोण उचलणार? मल्हारी? त्याचा विचारसुद्धा कुणी केला नाही.

म्हणून लेक आली, पंचफुला. ताडकळसला दिलेली. एसटीनं आली, दारात पाय ठेवला आणि आईचं तोंड बघूनच रडायला लागली.

"मी घेऊन जाते तुला," ती म्हणाली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी करून येते. आमच्या घरी संडास खोलीला लागून हाय, भिंतीला धरून जाता येतंय."

"लेकीच्या घरी पडून राहू व्हय?"

"मग काय करतीस?"

मनकर्णाबाईच्या डोळ्यांपुढं ताडकळसचं घर आलं. जावई तोंडावर काही बोलायचा नाही, पण विहीणबाईच्या समोरून रोज तांब्या घेऊन जायचं, आणि तेही महिने न् महिने! आपल्या घरात जन्म गेला. सून गेल्यावर मेंढरांची कोकरं, कोंबड्या, चूल, सगळं तसंच उघडं टाकून परक्या उंबऱ्यात जाऊन बसायचं? परकाच म्हणायचा, लेकीचा असला तरी. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

मल्हारी उंबऱ्याशी बसून काठीला तेल लावत होता. त्यानं विचारलं, "तुमचा खड्डा भरत न्हाई का गं?"

"आमचा खड्डा न्हाई बा, टाकी हाय. खोलीयेवढी. खालून-वरून समदी सिमिटाची."

"भरत न्हाई?"

"भरती की. भरली की गाडी बोलवायची. पाइप टाकून वढून नेती."

"कुठं नेती?"

पंचफुला अडखळली. "नेती कुठंतरी. वढ्याकडं सोडत्यात म्हनं."

"त्या वढ्याला कुनाची मेंढरं पानी पेत आसतील की," मल्हारी म्हणाला आणि पुन्हा काठीकडं वळला. थोड्या वेळानं म्हणाला, "आन् आपल्या बोळात बैलगाडी वळंना, ती गाडी कुठून यायची?"

लेक रात्र राहिली आणि सकाळच्या गाडीनं गेली. जाताना आईच्या दोन लुगड्यांची घडी करून पिशवीत घालून ठेवली, म्हणजे ऐनवेळी घाई नको. ती पिशवी खुंटीला लटकत राहिली आणि मनकर्णाबाई पडल्या पडल्या तिच्याकडं बघत राहिली.

दोन दिवसांनी भर दुपारी धम्मशीला आली. दोघी एका वयाच्या. कुणाच्याही रानात सोयाबीन काढायला असोत, खुरपायला असोत, दोघींच्या पाती शेजारी-शेजारी असायच्या आणि तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. पण आज ती अंगणातच उभी राहिली. कमरेला विळा, पायाला माती.

"ये गं, बस," मनकर्णाबाई म्हणाली.

"बसायला न्हाई आले. इचारायला आले. काल तुजा मालक आमच्या दारात आलता, ठाव हाय का?"

"न्हाई बई. कामून?"

"माज्या चंद्रभानला म्हनला, आमचा खड्डा भरलाय, तुमच्यातलं कुनी उपसून देनारं आसंल तर बघ. तुमच्यातलं!" धम्मशीलाचा आवाज चिरकला. "माजं लेकरू वेल्डिंगचं दुकान चालवतंय. तुमच्या संडासाचं दार कुनी जोडून दिलं? त्यानंच ना? दाराला बी त्योच आन् घान उपसायला बी त्योच? आमच्या आज्यापंज्यानं वढलं तेवढं कमी पडलं का गं तुमाला? दुकानात गिऱ्हाइकं बसल्याली. लेकरू जेवलं न्हाई रातच्याला."

मनकर्णाबाईचं तोंड शेकल्यासारखं झालं. नवऱ्याचा राग आला, पण रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती फार टोचत होती. मल्हारीनं आधी तिला विचारलं असतं, तर तिनंही हेच दार दाखवलं असतं. दुसरं कुठलं दार तिच्या मनातच आलं नसतं. इतकी वर्षं शेजारी-शेजारी खुरपलं, एका फडक्यातली भाकर खाल्ली, तरीही.

"धम्मशीला, चुकलं गं," ती म्हणाली.

"तुजं काय चुकलं? तू तर हितं पडल्याली."

"मला इचारलं आसतं तर मीबी तिकडंच धाडलं आसतं त्यांना. खोटं कशाला बोलू?"

धम्मशीलानं कमरेचा विळा काढून ओट्यावर ठेवला आणि काठावर टेकली.

"खरं बोल्लीस म्हनून बसते," ती म्हणाली. "न्हाईतर पुन्यांदा पायरी चढनार नव्हते."

शीलानं चहा टाकला. दोघी फुर्र फुर्र करत प्यायल्या. मग धम्मशीलाचं लक्ष मागच्या बाजूला गेलं.

"तुमाला उपसायची घाई कशाला पडली पन? दोन खड्डे हायत ना? एक भरला की दुसऱ्यात सोडायचं. आमी तेच केलं. पयला झाकून ठिवला, वरीस-दीड वरीस हात लावला न्हाई. मग उघडला तर काय, निस्ती माती. आमच्याच पोरांनी फावड्यानं काढली आन् पेरूला घातली. गवंड्यानं बांधतानाच सांगितलं हुतं समद्यांना."

मनकर्णाबाईनं सुनेकडं बघितलं. शीलानं तोंडाला पदर लावला.

"काय झालं?"

"दुसरा खड्डा रिकामा न्हाई," मनकर्णाबाई हळूच म्हणाली.

"त्योबी भरला?"

"लेंड्या हायत त्यात."

"काय?"

"लेंड्या गं, मेंढराच्या. हे म्हनले, पक्का खड्डा हाय, वर झाकन हाय, पावसात खत वाहून जानार न्हाई. दर साली भरायचं आन् दर साली गिऱ्हाईक आलं की उपसायचं. मीबी म्हनलं, काय डोस्कं हाय मान्साचं!"

धम्मशीलाला आधी हसू दाबायचं होतं. जमलं नाही. ती हसली, खांबाला धरून हसली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि पुन्हा हसली. "माय माय माय! सरकारनं संडास दिला आन् ह्यांनी मेंढराला दिला!" मग शीला हसली, आणि शेवटी मनकर्णाबाईसुद्धा. हसताना खुब्यातून कळ गेली तरी तिला थांबता येईना.

मल्हारी त्याच वेळी मेंढरं पाण्यावर घालून परतला. बायका हसताना पाहून तोही हसायच्या बेतात होता, तेवढ्यात त्यानं कोण आलंय ते बघितलं आणि अंगणातच थबकला.

"काल मी तसं म्हनलो न्हवतो बाई," तो म्हणाला. कुणी काही विचारण्याआधीच.

"तसंच म्हनले तुमी," खाटेवरून मनकर्णाबाई बोलली.

मल्हारीनं घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. काठी जमिनीत रोवली, काढली. "व्हय," तो म्हणाला. "तसंच म्हनलो. चुकलं माजं."

"मला कशाला सांगता?" धम्मशीला विळा उचलत म्हणाली. "त्याला सांगा. दुकानात मानसं बसल्याली आसत्याल, तवाच सांगा."

दुसऱ्या दिवशी तो गेला. बबलू सोबत होता, त्यानंच घरी येऊन सांगितलं. चंद्रभान गेट जोडत होता. म्हातारा सगळ्यांसमोर उभा राहून बोलला, फार नाही, दोन वाक्यं. चंद्रभाननं डोळ्यांवरची काच वर केली, म्हणाला, "ठीक हाय काका," आणि काच खाली घेऊन कामाला लागला. बसा म्हणाला नाही. "म्हनावं तरी कशाला?" मनकर्णाबाई म्हणाली. मल्हारीनंही मान हलवली.

मग खड्ड्याचं काम निघालं. लेंड्या काढायला कुणाची ना नव्हती. त्या घरात लेंड्यांची किळस कधी कुणाला आली होती? बबलू आत उतरला, छातीपर्यंत आत गेला. तो टोपली भरायचा, मल्हारी वरून ओढायचा, शीला नेऊन ढिगावर टाकायची. खाली-खाली खत गरम होत गेलं, वाफ यायला लागली, हुमणीचे पांढरे किडे निघाले आणि कोंबड्यांची चैन झाली. बबलूच्या दंडांना, मानेला काळा थर बसला. मनकर्णाबाईला उशीला टेकवून ओट्यावर बसवलं होतं. ती तिथून सूचना देत होती, आणि ज्या कुणी मागितल्या नव्हत्या त्याही देत होती.

"तळ सारवून घेऊ नका! तळाला माती उघडी राहू द्या. पानी तिथूनच मुरायचं."

"हे तुला कुनी सांगितलं?" मल्हारीनं विचारलं.

"गवंड्यानं. तुमी तवा मेंढरामागं हुता."

खड्ड्याच्या विटांत जागोजागी मुद्दाम ठेवलेल्या फटी होत्या, पाणी बाजूनं मुरायला. त्या फटींत लेंड्या बसून दगड झाल्या होत्या. बबलूचा हात मोठा, खुरपं आत वळेना. मग शीला पदर खोचून उतरली आणि एक-एक फट टोकरून मोकळी केली. संध्याकाळपर्यंत तिची बोटं सोलली. मनकर्णाबाईला त्या बोटांकडं बघवेना.

आता राहिलं चेंबर. वरची फरशी बबलूनं पहारीनं उचलली. आत दोन वाटा, एक जुन्या खड्ड्याकडं, एक नव्याकडं, आणि नव्याच्या तोंडाशी मातीत बसवलेली वीट. ती वीट काढून पलीकडच्या तोंडाला लावायची. काम तेवढंच. पण चेंबरमध्ये घाण साचून वर आलेली होती आणि वीट तिच्यात बुडालेली. बबलू मागं सरकला. मल्हारीनं आत डोकावून बघितलं आणि थुंकला.

"काठीनं ढकलावं का?" तो म्हणाला.

"काठीनं वीट बसती व्हय?" मनकर्णाबाई ओट्यावरून म्हणाली.

"मग कुनीतरी..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. कोण ते म्हणायची सोय आता राहिली नव्हती.

मनकर्णाबाईनं दवाखान्यातून दिलेला वॉकर ओढून घेतला आणि उठली. शीला धावली, पण तिनं हातानंच नको म्हटलं. ओट्याची पायरी उतरताना कपाळावर घाम फुटला. वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. अंगणातल्या खड्यांत वॉकर अडकायचा, ती तो सोडवायची आणि पुन्हा पुढं. चेंबरपाशी येईपर्यंत तिला धाप लागली.

"सरा," ती म्हणाली. "माजी घान हाय, मी काढते."

"तुला वाकता येतंय का?"

"पडून काढते." आणि खरोखर ती खाली बसायला लागली. वॉकरचे दांडे थरथरायला लागले. "मेंढी अडली की कोपरापर्यंत हात घालता. खुरात किडे पडले की नखानं काढता. त्येच हात हायत ना? मग ह्यालाच काय झालं? सुनेनं महिनाभर माजं घमेलं उचललं, तिला काय झालं? ती माजी कोन? मी तुमची कोन?"

मल्हारीनं तिच्याकडं बघितलं. मग घोंगडं काढून बबलूकडं दिलं, बाही वर सारली, जमिनीवर पालथा पडला आणि मान एका बाजूला वळवून हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला. चाचपडला. मळमळून आलं, थांबला, पुन्हा घातला. वीट सुटली तेव्हा "खळळ" करून सगळं नव्या खड्ड्याकडं धावलं. त्यानं वीट पलीकडच्या तोंडाला बसवली, बबलूनं दिलेला चिखल चोपला आणि उठून बसला. हात अंगापासून लांब धरलेला. शीलानं बादलीनं पाणी ओतलं, साबण दिला, पुन्हा ओतलं. त्यानं तीन-तीनदा हात धुतला, हुंगला, पुन्हा धुतला.

"काय न्हाई," शेवटी तो म्हणाला, आपल्याशीच. "हातच हाय की."

शीलानं आत जाऊन भांड्यात बादली ओतली. पाणी गुडगुडलं आणि गेलं. दुसरी ओतली, तीही गेली. मनकर्णाबाई तिथंच वॉकरला धरून उभी होती. "तांब्या आन गं," ती सुनेला म्हणाली आणि उभ्या-उभ्या घटाघटा प्याली, लुगड्यावर सांडलं तरी प्याली.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. रात उलटायच्या आत टोळीची गाडी आली, भांडी-कुंडी चढली, शीला सासूच्या पाया पडून वर चढली. दोन म्हातारी माणसं घरात राहिली.

ठरल्याप्रमाणं पंचफुला गाडी घेऊन आली. आईला ओट्यावर बसून लसूण सोलताना बघून तिला आनंद झाला, पण ती ऐकायला तयार होईना.

"खड्डा बदलला म्हंजे झालं का? पानी कोन भरून ठिवनार? तुला धरून कोन नेनार? बा? बा त्या दाराकडं तोंड करून बसत न्हाई जन्मात. चार दिवस झाले की म्हनंल, खड्डा भरायलाय, जपून जा. मला म्हाईत न्हाई का माजा बाप?"

"तुजा बाप हाय, तसा माजा नवराबी हाय," मनकर्णाबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे तुजं. गाडीवाला खोळंबलाय. कुठंय बा? त्यालाच सांगते. मेंढरं तर हितंच कोंडलेली दिसायलीत." पंचफुलानं गोठ्यात डोकावलं, घरात बघितलं, मागच्या दारातून हाक मारली. "बा! अरे बा!"

पत्र्याच्या दाराआडून कुणीतरी खाकरलं. आधी एकदा, आणि हाका थांबेनात म्हणून पुन्हा एकदा, चांगलं जोरात.

पंचफुला दारात तशीच उभी राहिली. आईकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पुन्हा आईकडं. खुंटीवरची पिशवी तिनं काखेत मारली होती, ती हळूच खाली ठेवली.

"बस," मनकर्णाबाई लसणाचं टरफल फुंकत म्हणाली. "गाडीवाल्यालाबी च्या प्यायला बोलव. तुज्या बाला येळ लागतोय. नवे हायत अजून."